एका तोळ्याची गोळी, पन्नास पावलांचं रान

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची म्हटलं की जाणता दुकानदार आधी रान विचारतो. माँटानाच्या उघड्या माळावर चारशे यार्डांवरून नेम धरणाऱ्याची रायफल वेगळी. मेन, व्हरमाँट, पेनसिल्व्हेनिया, मिशिगनचा उत्तर भाग, इथल्या गचपणात ती लांबलचक रायफल नुसती फांद्यांत अडकते. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण दिसतं पन्नास पावलांवर, आणि तेही हप्त्याहप्त्याने. आधी एक कान. मग बुंध्याआडून पाठीची आडवी रेघ. मग उंच उभारलेली पांढरी शेपटी, आणि खेळ खलास. या दोन-तीन सेकंदांसाठी अमेरिकन माणसाने सव्वाशे वर्षं डोकं चालवलंय, कारखाने काढलेत आणि बुडवलेत, कायदे केलेत, आणि शेकोटीभोवती बसून थापाही भरपूर मारल्यात. त्यातला हा निवडक माल.

दोन मासे दारू, तोळाभर शिसं

या रानाची पट्टराणी म्हणजे विंचेस्टर मॉडेल १८९४. कंपनीचा संस्थापक ऑलिव्हर विंचेस्टर बंदुकांच्या धंद्यात शिरण्याआधी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला पुरुषांचे शर्ट बनवायचा. रायफल मात्र जन्माला घातली जॉन मोझेस ब्राउनिंगने. यूटामधल्या ऑग्डेनच्या बंदूक-कारागिराचा हा मुलगा. बापाला तीन बायकांपासून झालेल्या बावीस मुलांपैकी एक, आणि पुढे स्वतःच्या नावावर १२८ पेटंटं.

रायफल १८९४ची, पण तिला अमर करणारं काडतूस आलं १८९५त. बिनधुराच्या दारूचं, अमेरिकेतलं शिकारीसाठीचं हे पहिलं लहान व्यासाचं काडतूस. नव्या दारूचा दाब जुन्या लोखंडाला झेपेना, म्हणून नळी निकेलयुक्त पोलादाची करावी लागली. विंचेस्टरने त्याला स्वतःचं नाव दिलं. आता गंमत अशी, की प्रतिस्पर्धी मार्लिन कंपनीचा कारखानाही त्याच न्यू हेवन गावात. मार्लिनलाही हे काडतूस हवं होतं, पण आपल्या नळीवर शेजाऱ्याचं नाव कोण कोरणार? मग नुसते आकडे कोरले : तीस-तीस. नळीचा व्यास ०.३० इंच आणि दारू ३० ग्रेन. शेजाऱ्याच्या जळफळाटातून आलेलं हे नाव इतकं रुळलं, की पुढे विंचेस्टरलाही तेच घ्यावं लागलं.

ग्रेन हे माप आपल्याकडे कुणाला कळत नाही, पण तोळा कळतो. इंग्रजांनी तोळा ठरवला तोच मुळी १८० ग्रेनचा. म्हणजे ३० ग्रेन दारू हे बरोबर दोन मासे. तीस-तीसची जुनी, भारदस्त गोळी १७० ग्रेनची, म्हणजे तोळ्याला जराशी कमी. पुढचा सगळा हिशेब आपण सोनाराच्या काट्यावरच करू.

सव्वातीन फुटांच्या आत

मॉडेल ९४ची आखूड आवृत्ती, म्हणजे कार्बाइन, घ्या. नळी २० इंची, टोकापासून दस्त्यापर्यंत साधारण ३८ इंच, वजन तीन किलोच्या आत. दोन्ही बाजू सपाट. बाहेर आलेली खुंटी नाही, खाली लोंबणारी पेटी नाही. घोड्याच्या खोगिराशी बांधलेल्या म्यानात सुळकन शिरते आणि करवंदीच्या जाळीसारख्या झुडपातही कुठे अडकत नाही. एका हातात मधोमध धरली तर तोल तिथेच सापडतो.

बार काढला की चापाखालची कडी खाली-वर करायची : रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. रायफल खांद्यावरून उतरवावी लागत नाही. डावखुऱ्यांना तर हा आशीर्वादच. खुंटीवाल्या रायफली बहुतेक उजव्यांसाठी घडवलेल्या; कडीला डावं-उजवं कळत नाही.

वेग बेताचा. दीडशे ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,४०० फुटांनी सुटते. लष्करी घराण्यातलं .३०-०६ हे काडतूस तेवढ्याच वजनाची गोळी २,९००च्या आसपास फेकतं. शंभर यार्डांवर नेम जुळवलेली तीस-तीस दोनशेवर वीतभर खाली मारते. माळावर हे लाजिरवाणं. पण ज्या रानात दोनशे यार्ड दिसतच नाहीत, तिथे त्या विताचं काय करायचं? उलट खांद्याला धक्का कमी, म्हणून माणूस डोळे न मिटता चाप ओढतो. पन्नास पावलांवर याची किंमत पाचशे फूट जादा वेगापेक्षा जास्त आहे, असं माझं मत. ते बऱ्याच म्हाताऱ्या शिकाऱ्यांचंही आहे, म्हणून जरा धीटपणे मांडतो.

गोळीचं नाक चपटं का?

या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकलेलं. काडतुसाच्या बुडाशी मधोमध असते ती ठिणगीची टोपी. नाक टोकदार असेल तर धक्क्यासरशी टोपीवर टोचायचं आणि शिकाऱ्याच्या हातातच दिवाळी व्हायची. म्हणून शंभरेक वर्षं इथल्या गोळ्या नकट्याच राहिल्या. चपट्या नाकाने हवा जास्त अडते, लांबवर वेग पडतो. पन्नास पावलांवर हवेला अडवायला वेळच मिळत नाही.

यावर २००५-०६च्या सुमाराला हॉर्नाडी कंपनीने तोडगा काढला : टोकदार गोळी, पण टोक दाबलं तर दबणाऱ्या मऊ पॉलिमरचं. शंभर वर्षांचं दुखणं रबरासारख्या थेंबाने बरं झालं.

त्याआधी एकाने पेचच वेगळा सोडवला होता. आर्थर सॅव्हेज. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. ऑस्ट्रेलियात गुरं राखली, जमैकात कॉफीचा मळा सांभाळला, आणि पुढे रायफल काढली. कडी तीच, पण काडतुसं झोपवण्याऐवजी फिरत्या चक्रात बसवली. १८९९च्या या मॉडेलला टोकदार गोळ्या खुशाल चालायच्या. वर आणखी चैन म्हणजे डाव्या अंगाला छोटी खिडकी : आत किती काडतुसं उरलीत त्याचा आकडा तिथे दिसायचा. दहा लाखांहून जास्त विकल्या गेल्या. सॅव्हेजसाहेब पुढे मोटारीच्या टायरांच्या धंद्यात पडले.

झुडपं कापणाऱ्या गोळीची लोककथा

आता थापांकडे. या वर्गातल्या बंदुकांना अमेरिकन शिकारी मोठ्या प्रेमाने ‘ब्रश गन’ म्हणतात. समजूत अशी, की जड, संथ, नकटी गोळी फांद्या मोडत, पानं उडवत सरळ हरणापर्यंत जाते, आणि हलकी वेगवान गोळी पहिल्याच काटकीला भेटून भरकटते. आजोबांनी नातवाला सांगितलेलं, नातवाने त्याच्या नातवाला.

बंदुकांवर लिहिणाऱ्यांनी हे किती वेळा तपासलंय याला गणती नाही. पद्धत सोपी. लाकडाच्या गोल काड्या रांगेने उभ्या करायच्या, मागे कागदी लक्ष्य लावायचं आणि लहानापासून आडदांडापर्यंत सगळी काडतुसं झाडायची. निकाल दरवेळी थोड्याफार फरकाने तोच : सगळ्याच गोळ्या वाकड्या जातात. काही आडव्या होऊन लोळत जातात. जड गोळी कधीकधी जरा कमी भरकटते, पण जिवंत जनावरावर भरवसा ठेवावा इतकी सरळ कुठलीच जात नाही.

खरा फरक पडतो तो काटकी कुठे आहे याने. हरणाच्या अगदी अंगाला लागून असेल तर भरकटायला गोळीला जागाच उरत नाही. तीच काटकी शिकाऱ्यापासून चार पावलांवर असेल तर एवढासा कोन हरणापर्यंत पोचता पोचता हातभर होतो. जनावर जखमी होऊन रानात नाहीसं होतं. म्हणून शहाणा शिकारी फटीची वाट बघतो. ही बंदूक झुडपांतून मारायची नसून झुडपांत वागवायची आहे, हे एकदा कळलं की निम्म्या जाहिराती रद्दीत जातात.

तरी लोककथा मरत नाही. .४५-७० घ्या. १८७३ साली अमेरिकी लष्करासाठी केलेलं काडतूस : ०.४५ इंच व्यास, ७० ग्रेन काळी दारू, ४०५ ग्रेनची गोळी. काट्यावर टाका, बरोब्बर सव्वादोन तोळे. रानगव्यांच्या जमान्यातला हा ऐवज आजही कारखान्यातून नवा कोरा निघतो. २०१५च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये नायकाच्या हातात हीच, मार्लिनची स्टेनलेस आवृत्ती. डायनोसॉरला पुरेल न पुरेल, हरणाला नक्कीच जास्त होते. खांदाही दुखतो.

अर्ध्या तोळ्याचा जागतिक विक्रम

जड गोळीवाल्यांनी हा किस्सा ऐकू नये.

२० नोव्हेंबर १९१४. विस्कॉन्सिनमधलं डॅनबरी गाव, बर्फ पडलेलं. बावीस वर्षांचा जेम्स जॉर्डन शिकारीला निघाला. हातात विंचेस्टर मॉडेल १८९२. तिचीही कथा आहे. तिचा आराखडा करायला विंचेस्टरच्या साहेबाने ब्राउनिंगला सांगितलं : तीन महिन्यांत दिलास तर दहा हजार डॉलर, दोनमध्ये दिलास तर पंधरा. ब्राउनिंग म्हणाला, तीस दिवसांत देतो, वीस हजार द्या. नाही जमलं तर फुकट घ्या. आणि दिला, असं सांगतात.

तर जॉर्डनच्या या रायफलीत काडतूस होतं .२५-२०. गोळी ८६ ग्रेनची, अर्धा तोळासुद्धा नाही. सशा-कोल्ह्यांच्या लायकीचं. आजचा कुठलाही दुकानदार हरणासाठी ते देणार नाही, आणि बरोबरच करेल. रेल्वेच्या इंजिनाने शिटी दिली, हरीण बिचकून उठलं, जॉर्डनने बार काढायला सुरुवात केली. जखमी हरीण यलो नदीच्या दिशेने गेलं. माग काढत तो मागे, आणि शेवटी उरलं होतं एक काडतूस. त्याने ते कारणी लावलं.

शिंगं प्रचंड होती. ती डोक्यासकट भिंतीवर लावण्याजोगी करून द्यायला एका कारागिराकडे दिली. कारागीर मुक्काम हलवून मिनेसोटात गेला, तिथून पुढे फ्लोरिडात, आणि शिंगांचा पत्ताच नाही. काही दशकांनी मिनेसोटातल्या सँडस्टोनमध्ये जुन्या सामानाच्या विक्रीत एकाने एक जुनं हरणाचं मुंडकं ३ डॉलरना उचललं. घेणारा निघाला जॉर्डनचाच लांबचा नातलग! जॉर्डनने बघताक्षणी ओळखलं : हे माझं. पुरावा? काही नाही. नातलगाने ते १,५०० डॉलरना विकूनही टाकलं.

शिंगं मोजली गेली तेव्हा २०६ १/८ गुण भरले. नेहमीच्या घाटाच्या शिंगांचा जागतिक विक्रम. बून अँड क्रॉकेट क्लब हा या मोजमापांचा सुप्रीम कोर्ट. त्यांच्या वहीत विक्रम चढला, पण शिकाऱ्याचं नाव ‘अज्ञात’. जॉर्डन म्हातारा झाला, सांगत राहिला. अखेर डिसेंबर १९७८मध्ये क्लबने विक्रम त्याच्या नावावर केला. जॉर्डन दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, वारला होता. वय ८६. त्याच्या गोळीचे ग्रेनही तेवढेच.

हा विक्रम मोडला १९९३ साली, कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये बिगर नावाच्या गावाजवळ. शेतकरी मायलो हॅन्सन, गुण २१३ ५/८. रायफल कुठली? विंचेस्टर मॉडेल ८८. म्हणजे पुन्हा कडीवालीच.

राष्ट्राध्यक्षांचा खण

मॉडेल ९४चा दहा लाखावा नग १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट गेला. पंधरा लाखावा १९४८ला ट्रूमन यांना, वीस लाखावा १९५३ला आयझेनहॉवर यांना. एकूण उत्पादन सत्तर लाखांच्या वर.

झाडं राखायला रायफल

पहिल्या महायुद्धात विमानं लाकडाची असायची आणि त्यासाठी उत्तम लाकूड म्हणजे वॉशिंग्टन-ओरेगनच्या जंगलातलं स्प्रूस. त्या जंगलात घातपात होऊ नये म्हणून पहारा बसवला. लष्करी रायफली सगळ्या युरोपकडे निघालेल्या. सरकारने सरळ १,८०० मॉडेल ९४ विकत घेतल्या आणि पहारेकऱ्यांच्या हाती दिल्या. संग्राहक आज त्यांना ‘स्प्रूस गन’ म्हणतात आणि खरी-खोटी पारखण्यात आयुष्य घालवतात.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने तोच धडा गिरवला. जपानी उतरलेच तर म्हणून ब्रिटिश कोलंबियात लाकूडतोडे, कोळी, शिकारी गोळा करून १९४२मध्ये रेंजर दल उभं केलं, आणि त्यांना तीस-तीस वाटल्या. जपानी आले नाहीत. युद्ध संपल्यावर ज्याची त्याने ५ डॉलरना घरी न्यावी, असं ठरलं. त्या पाच डॉलरांच्या रायफलींनी पुढे किती हरणं चुलीवर चढवली, ते रानालाच ठाऊक.

सीमेपलीकडे मेक्सिकोच्या क्रांतीत तर तीस-तीस कार्बाइनच्या नावाने गाणंच झालं. शिकारी काडतुसाच्या नशिबी एवढं क्वचित येतं.

मार्लिनचं डोकं सपाट

विंचेस्टरमधलं रिकामं काडतूस वर उडतं. त्यामुळे वर दुर्बीण बसवायची पंचाईत. मार्लिनच्या रायफलीचं डोकं सपाट आणि बंद, काडतूस कुशीतून बाहेर. १९४८च्या मॉडेल ३३६ने याच एका गुणावर बाजार मारला, कारण युद्धानंतर दुर्बिणी स्वस्त झाल्या होत्या. चष्मा लागलेल्या पिढीने मार्लिन घेतली.

मार्लिन मिळायची आणखी एका खास काडतुसात : .३५ रेमिंग्टन. साल १९०६, गोळी २०० ग्रेन, म्हणजे तोळा आणि वर सव्वा माशाहून जरा जास्त. मुळात हे काडतूस ज्या अर्धस्वयंचलित रेमिंग्टनसाठी केलं तीही ब्राउनिंगचीच, आणि १९३४ साली बॉनी-क्लाइड या दरोडेखोर जोडीची वाट अडवून बसलेल्या पोलीस अधिकारी फ्रँक हेमरच्या हातात तीच जात होती. ईशान्येकडचे जुने शिकारी .३५ची शपथ घेतात. तीस-तीस आणि ती यांतला फरक हरणाला कळतो का, यावर हिवाळ्याच्या रात्री संपतात.

मार्लिनवर मधल्या काळात दिवस वाईट आले. २००७-०८च्या सुमाराला रेमिंग्टनने कंपनी घेतली, २०२०मध्ये रेमिंग्टनचंच दिवाळं वाजलं, आणि मार्लिन गेली रूगरकडे. ३३६ पुन्हा दुकानात आली २०२३मध्ये. तोवर जुन्या ३३६ची किंमत अशी चढली होती, की माळ्यावर पडलेल्या आजोबांच्या बंदुकीला नातवंडं अचानक तेलपाणी करू लागली.

ॲमिश मशीनगन

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. मग वेगाने बार काढायचे कसे? पंप! नळीखालचा लाकडी दांडा मागे-पुढे ओढायचा. रेमिंग्टनची १९५२ची मॉडेल ७६० आणि नंतरची ७६०० तिथे इतकी खपली, की तिला ‘ॲमिश मशीनगन’ असं टोपणनाव पडलं. वीज-मोटार नाकारणाऱ्या ॲमिश लोकांचा पेनसिल्व्हेनिया हा गड, आणि ही मशीनगन हाताने चालणारी!

पंपाचा सगळ्यात मोठा जाहिरातदार मात्र व्हरमाँटचा. लॅरी बेनोआ आणि त्याची मुलं. मचाणावर बसणं यांना ठाऊक नाही. ताज्या बर्फात मोठ्या नराचा माग सापडला की चालत सुटायचं. मैलामागून मैल, दिवस मावळेपर्यंत. अंगात लोकरीचं चौकड्याचं जाकीट, हातात आखूड केलेली ७६०, काडतूस .३०-०६. म्हणजे गचपणात संथ, जड गोळीच हवी या नियमाला अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या गचपण-शिकाऱ्याने वाकुल्या दाखवल्या. त्याला महत्त्वाची होती ती बंदूक खांद्याला लागायची चपळाई.

डोळा, भोक आणि केस

नव्या शिकाऱ्याची ठरलेली फजिती : दुकानात नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण घेतो, रानात वीस पावलांवर हरीण उभं राहतं, दुर्बिणीला डोळा लावतो आणि दिसतात फक्त तपकिरी केस. मान की मांडी, पत्ता नाही. तो शोधेपर्यंत केस निघून जातात.

गचपणासाठी दुर्बीण घ्यायचीच तर एकपट ते चौपट. दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येते. त्याहून जुना उपाय म्हणजे भोकाची दृष्टी : डोळ्याजवळ छोटं गोल कडं, पुढे नळीच्या टोकाला माशी. कड्याकडे बघायचंच नाही. आरपार बघायचं, डोळा आपोआप मध्य गाठतो, आणि माशी जनावरावर टेकवायची. कडं जितकं मोठं आणि बारीक काठाचं, तितकं काम चपळ. पाऊस, बर्फ, वाफ, कशाने काच धुरकट होत नाही, कारण काचच नाही.

कायदा रायफल निवडतो तेव्हा

ओहायो, आयोवा, इलिनॉय, इंडियाना ही मक्याची सपाट राज्यं. रायफलीची गोळी चुकली तर तीन शेतं ओलांडून कुणाच्या ओसरीवर जाईल, या धास्तीने तिथे वर्षानुवर्षं हरणासाठी फक्त छर्ऱ्याच्या बंदुकीतून मारायची एकेरी जाड गोळी चालायची. २०१४पासून ओहायोने आणि दक्षिण मिशिगनने नवी फट उघडली : काडतूस सरळ भिंतीचं असेल, बाटलीसारखा गळा नसेल, तर रायफल चालेल. अशा काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, हा तर्क.

फट दिसली की कंपन्या घुसणारच. २०१९ला विंचेस्टरने .३५० लेजंड काढलं. २०२३मध्ये रेमिंग्टनने .३६० बकहॅमर. हे बकहॅमर म्हणजे काय? तीस-तीसचंच भांडं, फक्त गळा काढून टाकलेला! सव्वाशे वर्षांच्या म्हातारीची मान सरळ केली आणि नवी म्हणून विकली. इलिनॉयने २०२३मध्ये परवानगी दिली तीही एकावेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीला.

आणि जाड गोळी खरंच सुरक्षित का? पेनसिल्व्हेनियाने २००७मध्ये याचा अभ्यास करवला. निष्कर्ष उलटा निघाला : बार जमिनीला समांतर गेला तर ती जाड गोळी आपटून, उसळून रायफलीच्या गोळीपेक्षा लांब धोका पोचवू शकते. रायफलीची वेगवान गोळी आपटल्यावर बहुधा फुटते, ऊर्जा गमावते.

नारिंगी माणूस, करडं हरीण

शिकाऱ्याने अंगात भडक नारिंगी घालायचं आणि हरणापासून लपायचंही, हे जमतं कसं? हरणाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. निळा त्याला झकास दिसतो, लाल-नारिंगी मातकट. जॉर्जिया विद्यापीठात १९९०च्या दशकात हे तपासलं गेलं. म्हणजे निळी जीन्स घालून झाडाआड दडलेला माणूस नारिंगी जाकीटवाल्यापेक्षा जास्त उठून दिसतो. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या धुण्याच्या पावडरीनेही तोच घोटाळा होतो. तिच्यातली चमक हरणाला दिसते.

नारिंगीचं महत्त्व हसण्यावारी नेऊ नये. नोव्हेंबर १९८८मध्ये मेन राज्यात एक तरुण आई स्वतःच्या घरामागे उभी होती, हातात पांढरे हातमोजे. शिकाऱ्याला ती हरणाची शेपटी वाटली. तिचा जीव गेला, १९९०मध्ये तो निर्दोष सुटला, राज्यभर आग उसळली. १९९१मध्ये मेनने कायदा केला : बार काढण्याआधी समोरचं जनावरच आहे याची खात्री करणं ही शिकाऱ्याची जबाबदारी. जनावराचं डोकं आणि धड नीट दिसल्याशिवाय, नुसत्या हालचालीवर, आवाजावर, रंगाच्या ठिपक्यावर चाप ओढता येणार नाही. गचपणातल्या रायफलीवर दुर्बीण असो की कडं, हा नियम तिच्यासाठीच आहे.

सर्वांत अमेरिकन रायफल, मुक्काम जपान

न्यू हेवनचा विंचेस्टर कारखाना २००६मध्ये बंद झाला. १९६४मध्ये खर्च वाचवायला घडणीत काटछाट केल्यापासून गिऱ्हाईक कुरकुरतच होतं. १९६४च्या आधीची मॉडेल ९४ आजही भाव खाते. २०१०मध्ये रायफल परतली, घडण आधीपेक्षा सरस. नळीवर बारीक अक्षरांत लिहिलंय कुठे बनली ते : जपान. कोची प्रांतातली मिरोकू कंपनी. त्यांचा जुना धंदा व्हेल माशांवर भाले फेकायच्या तोफांचा. विकते ब्राउनिंग कंपनी, तिची मालकी बेल्जियमच्या एफएन उद्योगसमूहाची, आणि त्याची मालकी तिथल्या वालून प्रांताच्या सरकारची. काउबॉयची ही रायफल खरं म्हणजे एका बेल्जियन प्रांताच्या जमाखर्चात बसते.

आणि आपलं चितळ

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला. पश्चिम बंगालातल्या इशापूरची .३१५ रायफल अजून परवानाधारकांच्या कपाटात दिसते. तिचा तो विचित्र व्यासही इंग्रजांच्या भीतीतून आला : लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती लागू नये.

पण आपली हरणं बाहेर गेली. सांबर १८६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात पोचलं आणि तिथल्या डोंगरी झाडोऱ्यात असं मुरलं, की आज ते तिथलं सर्वांत अवघड सावज मानतात. चितळ १९३२मध्ये टेक्सासात उतरलं. कुंपणं ओलांडून हिल कंट्रीच्या ओक आणि सीडरच्या झुडपांत पसरलं. सरकारी दप्तरी ते ‘परदेशी’, म्हणून त्याला बंद मोसम नाही, नगांची मर्यादा नाही. परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की झालं. मोसम ठरवणं तसंही जमलं नसतं. टेक्सासच्या स्थानिक हरणांची शिंगं ठरल्या महिन्यांत गळतात, चितळाच्या नरांचं वेळापत्रक ज्याचं त्याचं. कुठल्याही महिन्यात एकाच कळपात एकाची शिंगं पूर्ण, दुसऱ्याची मखमलीत, तिसरा बोडका.

चितळाचं मांस टेक्सासची हॉटेलं अभिमानाने मेन्यूत लिहितात. चरबी कमी आणि उग्र वास नाही, अशी ख्याती. रायफल कुठली न्यावी याचं उत्तर मात्र तिथले लोक चटकन देत नाहीत. चितळाचा कळप मोठा, डोळे पुष्कळ, आणि धोक्याचा एक भुंकारा आला की सगळे एकदम उधळतात. झुडपात वाट बघणार असाल तर तीस-तीस, म्हणतात. आणि ती घेतलीत तर कडी ओढताना कचरू नका, जोरात ओढा. अर्धवट ओढली की काडतूस अडकतं.